भेगेतली राख

आशाबाईला दुर्बिणीचं काम मिळालं ते तिच्या सुपामुळे.

धामणगाव बढ्याच्या रस्त्यावरून आत तीन-साडेतीन किलोमीटरवर तिचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला नाला, नाल्याच्या काठी शेषरावांचं शेत आणि शेताच्या टोकाला उंबराखाली कधीच न नांगरलेला एक पडीक तुकडा. पावसाळा सरला की त्या तुकड्यात गारगोटीच्या कपच्या वर यायच्या. तांबड्या, दुधी, काही मधाच्या रंगाच्या, पण सगळ्या पात्यासारख्या धारेच्या. गावातल्या पोरांनी वर्षानुवर्षं त्या गोफणीत घालून पाखरांवर भिरकावल्या होत्या. मग पुण्याहून पुरातत्त्व शिकणारी इरा नावाची मुलगी आली. ती गुडघ्यांवर बसून एकेक कपची उचलायची, पिशवीत घालायची आणि पिशवीवर नंबर टाकायची. इथे दहा हजार वर्षांपूर्वी माणसं दगडाची हत्यारं घडवत बसायची, असं तिनं शेषरावांच्या ओट्यावर बसून सांगितलं, तेव्हा निम्मं गाव ऐकायला जमलं होतं.

"म्हंजे इतके दिवस आपले पोट्टे दहा हजार वर्सं गोफनीत घालून फेकून राह्यले होते," आशाबाईशेजारी बसलेली धम्मशीला म्हणाली आणि सगळे हसले. इराही हसली.

हत्यारं तर मिळाली, पण ती माणसं खात काय होती, हे इराला हवं होतं. त्यांच्या चुलीत चुकून जळालेला एखादा दाणा, एखादी आठळी मातीत राहिली असेल, कारण जळून कोळसा झालेलं सडत नाही. ते शोधायला नजर आणि हात असलेली बाई हवी होती. तिनं एका ताटात खसखस, राजगिरा, मोहरी आणि वाळू मिसळून पाच बायांसमोर ठेवली. चौघी बोटांनी निवडत बसल्या. आशाबाईनं सूप मागून घेतलं, चारदा घोळलं, दोनदा पाखडलं आणि चार ढीग वेगळे करून पुढे सरकवले.

"मॅडम, यात मेथीचे दोन दाने हायेत. ते तुमी टाकले का चुकून आले?"

मेथी चुकून आली होती. इरानं त्याच दिवशी तिचं नाव वहीत लिहिलं.

दिवाळीनंतर सोयाबीन घरात आलं आणि उंबराजवळ खड्डा सुरू झाला. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. इरानं त्याचे दोऱ्या बांधून चार भाग केले आणि त्यांना इंग्रजी अक्षरं दिली. बायांनी ती अक्षरं बाजूला ठेवून आपली नावं ठेवली. उंबराचा कोपरा, नाल्याचा कोपरा, बांधाचा कोपरा, रस्त्याचा कोपरा. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर, घट्ट, चुनखडीची. कपच्या त्या पिवळ्या मातीत होत्या. प्रत्येक कोपऱ्यातली माती वेगळ्या पिशवीत भरून यायची. धम्मशीला ती पाण्याच्या टाकीत ओतून हातानं ढवळायची. दगड-माती खाली बसायची आणि कोळशाचे कण, मुळ्या, गोगलगायीचे बारके शंख वर तरंगायचे. वरचं पाणी मलमलीच्या फडक्यावर ओतायचं, फडक्यात राहील ते सावलीत वाळवायचं आणि मग आशाबाईनं दुर्बिणीखाली घेऊन बारीक कुंचल्यानं निवडायचं. इराच्या यंत्राला सूक्ष्मदर्शक म्हणतात हे तिला ठाऊक होतं, सातवीपर्यंत शिकली होती ती. पण बायांची दुर्बीणच.

एक गोष्ट मात्र आशाबाई करायची नाही. फडक्याची चारी टोकं बांधून ओली पुरचुंडी दोरीला टांगायची असे, ते काम ती धम्मशीलाकडे सारायची. धम्मशीलाला कारण माहीत होतं, म्हणून ती कधी काही बोलली नाही. टांगलेलं फडकं बाळाच्या झोळीसारखं दिसतं, आणि आशाबाईच्या घरात दोनदा झोळीचं कापड धुऊन ठेवलेलं होतं.

तिची मुलगी काजल देऊळगाव राजाला दिलेली. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं आठव्या महिन्यात पोटातच थांबलं. दोन दिवस हललं नव्हतं, आणि काजलला वाटलं होतं की झोपलं असेल. आशाबाई दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती रडली नाही. घरी आली, भांडी घासली, आणि तेव्हापासून तिला कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं. भाजीत मीठ नाही हे चार घास खाऊन झाल्यावर नवऱ्याला, गुलाबरावला, सांगावं लागायचं. ती मीठ आणून ठेवायची, आणि स्वतःच्या ताटात घालायचं राहून जायचं.

आता काजलला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि आठवा महिना लागला होता. बाळंतपण माहेरी करायची रीत, पण डॉक्टरांनी एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणून बजावलं होतं. रोज सकाळी नाश्त्यानंतर काजलनं डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायच्या होत्या. दोन तासांत दहा भरल्या की ठीक. दहा भरल्या की ती आईला मिस्ड कॉल द्यायची. एकच रिंग. बोलायचं काही नाही, कारण बोलायला लागलं की दोघींना काय बोलावं ते सुचायचं नाही. दहाच्या सुमाराला रिंग यायची. ग्रामपंचायतीच्या जुन्या वाचनालयात, जिथे दुर्बीण मांडली होती, तिथल्या खिडकीत आशाबाईचा फोन ठेवलेला असायचा. तो वाजला की धम्मशीला टाकीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "वाजला वं." आशाबाई मान हलवायची. तेवढंच.

आणखी एक गोष्ट होती, ती धम्मशीलालाही माहीत नव्हती.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, काजलनं दिवस राहिल्याचं फोनवर सांगितलं. त्याच दिवशी दुपारी सगळं गाव घरात असताना आशाबाई उंबराखाली साती आसरांपाशी गेली होती. शेंदूर लावलेले सात गोटे, पोराबाळांच्या रक्षणकर्त्या. गोवरीचा निखारा फुलवून तिनं त्यावर सात चिमट्या तीळ, ज्वारीचे सात दाणे आणि गुळाचा खडा घातला आणि नवस बोलली. नवस फिटेपर्यंत तो तोंडातून काढायचा नाही, अशी तिच्या आईची शिकवण. बोलून दाखवला की गेला. दुसरी शिकवण अशी की त्या राखेवर कुणाचा पाय पडता कामा नये; ती वाहत्या पाण्यात सोडायची. नाला तर कोरडा पडला होता. पण काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. गुलाबरावचं खुरपं एकदा अशाच भेगेत गेलं होतं, ते परत दिसलं नाही. आशाबाईनं राख ओंजळीत घेऊन जवळच्या एका भेगेत सारली, वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि खाली गेली की नाही ते हात घालून पाहिलं. हात कोपरापर्यंत गेला. आठ दिवसांनी पाऊस झाला आणि जमीन मिटली.

नोव्हेंबरात इरानं खड्ड्याच्या खुंट्या ठोकल्या तेव्हा एक खुंटी त्या जागेच्या पलीकडे गेली, म्हणजे ती जागा खड्ड्याच्या आत आली. आशाबाई पाहत उभी होती. एवढ्या पावसात राखेची माती झाली असेल, असं तिला वाटलं. खरं तर तिला काही वाटलंच नव्हतं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी उंबराच्या कोपऱ्यातल्या पुरचुंडीत तिला तीळ सापडला. काळा, फुगलेला, एका टोकाला निमुळता. ओळखायला दुर्बिणीचीही गरज नव्हती.

"मॅडम, हे पाहा."

इरानं भिंगाला डोळा लावला. मग काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"मावशी, हा तीळ आहे."

"हाव."

"रानतीळ असणार. त्यांनी गोळा केला असेल, भाजला असेल. कुठल्या कोपऱ्यातली पिशवी आहे?"

"उंबराच्या."

"किती खोल?"

"पिवळ्या मातीतली. तुमीच लिवलं हाय पाहा चिठ्ठीवर."

इरानं तिला मिठीच मारली. आशाबाईच्या हातात कुंचला होता, तो तिनं इराच्या शर्टाला लागू नये म्हणून लांब धरला. दोन वर्षं ही मुलगी तीन जिल्ह्यांत खड्डे घेत फिरली होती आणि कोळशाच्या चुऱ्याशिवाय काही लागलं नव्हतं. वडील फोनवर म्हणायचे, दगडं वेचून झाली असतील तर आता घरी ये. ते ती हसत सांगायची, पण सांगून झालं की लगेच थापी उचलायची.

बुधवारी आणखी दोन तीळ निघाले. इरानं तिच्या सरांना फोन केला. वय ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांना या वर्षी एकाच नमुन्याची पाळी मिळाली होती. आधी नाल्याच्या कोपऱ्यातली बोराची जळकी आठळी पाठवायचं ठरत होतं. आता तीळ जाणार. शुक्रवारी दुपारच्या बसनं इरा मलकापूरला जाऊन पुण्याची गाडी धरणार.

"तीळ तं निघाला," टाकी ढवळत धम्मशीला म्हणाली, "आता गूळ बी शोधा मॅडम. संक्रांत तोंडावर आली."

इरा खळखळून हसली. आशाबाईचा कुंचला मध्येच थांबला, मग पुन्हा चालू लागला.

गुरुवारी इरा शेषरावांकडे जेवायला गेली होती. आशाबाईनं उंबराच्या कोपऱ्यातली शेवटची पुरचुंडी उघडली. कोळशाच्या चुऱ्यात ज्वारीचा दाणा होता. जळून फुगलेला, एक बाजू उडालेली, पण ज्वारीच. तिनं जन्मभर ज्वारी पाखडली होती. ज्वारी या मुलखात आली ती हत्यारवाल्या माणसांच्या फार, फार नंतर, हे इरानंच बायांना एकदा चहा पिताना सांगितलं होतं. त्या पिवळ्या मातीत ज्वारी असूच शकत नव्हती.

तिनं दाणा कुंचल्याच्या टोकावर उचलला, तळहातावर घेतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. पुढची चिमूट दुर्बिणीखाली घेतली.

संध्याकाळपर्यंत काम करता करता तिनं सगळा हिशेब मनात मांडून पाहिला. दाणा टाकून दिला तर तीळ पुण्याला जाईल. चार महिन्यांनी प्रयोगशाळेतून उत्तर येईल की हा याच वर्षीचा, आणि मग त्या मुलीच्या कुठल्याच खड्ड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नुसता दाणा दाखवून गप्प राहिलं तर इराला वाटेल की सगळ्याच मातीत वरचं खाली गेलंय. मग चारी कोपऱ्यांची माती फुकट, बोराची आठळीही फुकट. भेग नेमकी कुठे होती ते सांगितलं तरच उरलेले तीन कोपरे वाचतील. ते फक्त तिलाच माहीत होतं. आणि ते सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं. आठवा महिना चालू होता.

तिला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. काळजी करायची जी जागा असते तिथे हात घालून पाहावा आणि हाताला काही लागू नये, तसं झालं होतं. तरी संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर तिनं पदराची गाठ दोनदा चाचपली. गुलाबराव म्हणाला, "काय बांधून आनलं?"

"दाना हाय."

"कायचा?"

"ज्वारीचा."

"घरात तीन पोते हाय ज्वारी," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

शुक्रवारी सकाळी आठलाच ती वाचनालयात गेली. इरानं तिळाची काचेची नळी कापसात गुंडाळून डब्यात ठेवली होती आणि डब्यावर चिकटपट्टी लावत होती.

"मॅडम, ते राहू द्या. खड्ड्यावर चला."

"आता? मावशी, माझी बस आहे."

"बस बारा वाजता हाय. चला."

धम्मशीलाही मागोमाग आली. खड्ड्यावर ताडपत्री होती. आशाबाईनं ती उंबराच्या बाजूनं उचलली, कडेशी बसली आणि बोटानं जागा दाखवली.

"इथं भेग होती. या जूनात. म्या तिच्यात राख टाकली. तिळाची, ज्वारीची." मग तिनं पदराची गाठ सोडून दाणा इराच्या तळहातावर ठेवला. "हा काल निंगाला."

इरानं दाण्याकडे पाहिलं. बोटानं उलटा करून त्याची उडालेली बाजू पाहिली. बांधावर एक टिटवी ओरडत होती, ती ओरडून गप्प झाली.

"किती खोल होती भेग?"

आशाबाईनं बाही वर केली आणि दंडाच्या खाली बोट ठेवलं. "हात एवढा गेला होता. खाली अजून होती."

इरा खड्ड्यात उतरली. भिंतीवर पाणी शिंपडलं, लहान थापीनं हळूहळू खरवडलं. पिवळ्या मातीत वरून खाली निमुळती होत गेलेली एक काळी जीभ दिसायला लागली, तिच्यात राखेचे पांढुरके ठिपके. इरानं पट्टी लावून माप घेतलं. पुन्हा घेतलं.

"ही रेघ मी पाहिली होती," ती म्हणाली. "मला वाटलं झाडाचं मूळ कुजलं असेल. मी वहीत तसं लिहिलंय."

"काळं रान हाय मॅडम," धम्मशीला म्हणाली. "उन्हाळ्यात आमच्या चपला जातात त्यात. तुमी पुन्याचे, तुमाले कसं समजन."

"काल का नाही सांगितलंत?"

आशाबाईनं पदराची सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

"आणि मंगळवारी? तीळ निघाला तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"हाव."

"मग? मी सरांना फोन केला, मावशी. मी घरी फोन केला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर आशाबाईला बरं वाटलं असतं. "राख कशाची होती?"

"राख होती, मॅडम."

"पण कशासाठी जाळलं होतं?"

आशाबाई उंबराखालच्या शेंदरी गोट्यांकडे पाहत नव्हती. ती मुद्दाम नाल्याकडे पाहत होती. धम्मशीलानं मात्र गोट्यांकडे पाहिलं, मग आशाबाईकडे, आणि पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्यात हे असलं काई करत नाईत. पन हिले नका इचारू. राख म्हना आन सोडा."

इरानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खड्ड्याबाहेर येऊन तळहातावरचा दाणा एका कोऱ्या नळीत सोडला.

वाचनालयात परत आल्यावर तिनं उंबराच्या कोपऱ्याच्या बावीस पिशव्या भिंतीकडे वेगळ्या रचल्या. महिनाभराचं निवडलेलं काम होतं ते. तिळाच्या नळ्या डब्यातून काढल्या. मग मोठी वही उघडली. वहीत प्रत्येक बाद नमुन्यासमोर कारण लिहावं लागे. तिनं तारीख लिहिली, 'आत्ताचे' असं लिहिलं आणि पेन थांबवून वर पाहिलं.

"लिवा. राख, भेगेतून," आशाबाई म्हणाली.

इरानं तेवढंच लिहिलं. आशाबाईनं उभ्यानं वाचून पाहिलं. नवस कुठेच लिहिलेला नव्हता. राख सांगितली, नवस नाही सांगितला; एवढं चालतं का, हे विचारायला तिची आई राहिली नव्हती.

दहा वाजून गेले होते. खिडकीतला फोन वाजला नव्हता.

इरानं बोराची आठळी कापसात ठेवली, डबा पुन्हा बंद केला. साडेदहा झाले. तिनं बॅग भरली. पावणेअकराला धम्मशीला टाकीपाशी जाऊन बसली, पण पाणी ढवळेना. तिची नजर खिडकीकडेच होती.

"तूच लाव वं फोन."

"दोन घंटे लागतात कदी कदी. डॉक्टरनं सांगितलं हाय."

"काऊन अशी दगडासारकी बसली? लाव ना!"

आशाबाईनं नाल्याच्या कोपऱ्यातली एक वाळलेली पुरचुंडी घेतली आणि ताटात मोकळी केली. कुंचला घेतला. कोळसा एकीकडे, शंख एकीकडे. तिचा हात नेहमीसारखाच चालत होता. फक्त तीच चिमूट तिनं तीनदा निवडली, आणि तिच्या ते लक्षात आलं नाही. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या इराच्या आलं.

इरा बसला निघाली नाही. तिनं बॅग खाली ठेवली आणि बाकावर बसली. काय चाललंय ते तिला पुरतं ठाऊक नव्हतं, पण रोज दहाला त्या फोनची एक रिंग होते आणि आज झालेली नाही, एवढं तिलाही समजत होतं. तिची नजर एकदा खिडकीबाहेर, दूरवरच्या उंबराकडे गेली.

सव्वाअकरा झाले. ग्रामपंचायतीच्या आवारात कुणीतरी मोटारसायकल चालू केली, बंद केली.

अकरा वाजून चोवीस मिनिटांनी फोन वाजला. एक रिंग. मग गप्प.

"वाजला वं!" धम्मशीला ओरडली आणि ओल्याच हातांनी डोळे पुसायला लागली. इरा उठून उभी राहिली, घड्याळ पाहिलं आणि बॅग उचलून बसथांब्याकडे जवळजवळ पळत सुटली. जाता जाता तिचा हात आशाबाईच्या खांद्याला लागला. मुद्दाम की घाईत, ते कळलं नाही.

आशाबाईनं फोन उचलून नाव वाचलं. काजल. परत खिडकीत ठेवला. आनंद व्हायला हवा होता, निदान सुटल्यासारखं तरी वाटायला हवं होतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही. मग ती कुंचला शोधू लागली, तर तो तिच्या दुसऱ्या हातातच होता.

"आजचं झालं," धम्मशीला म्हणाली.

आशाबाईनं मान हलवली. मग तिनं नाल्याच्या कोपऱ्यातली ती चिमूट चौथ्यांदा दुर्बिणीखाली घेतली. उद्या पुन्हा दहा वाजणार होते.